चढत्या भावात गोदाबाई

कौंडण्यपूरच्या जत्रेत वामनराव एका विळ्याचा भाव करायला वळले. भाव पटला, विळा घेतला, मागं वळून पाहतात तर पत्नी गोदाबाई नाहीत. विळा मात्र स्वस्तात मिळाला होता.

गोदाबाईंना अलीकडे विसर पडे. नवरा आठवे, गाव आठवत नसे. पोलिसांत कळवून झालं, आणि त्यांचा मुलगा कुंदन अमरावतीत पत्रक छापायला बसला. फोटो, हनुवटीवरच्या गोंदणाची खूण, फोन नंबर, शोधून देणाऱ्यास बक्षीस.

"पन्नास हजार लिवतो, बाबा."

"पाच लिव."

"माय हाय ते. कोथिंबीर नाई."

"पैला भाव कदी शेवटचा नसते. पन्नास माह्या मनात हायेत. कागदावर काहून पायजेत?"

वामनरावांचा सगळा जन्म भाजीबाजारात गेला होता. दुसरी रीत त्यांना येतच नव्हती. पाचावर कोणी आलं नाही, तेव्हा पुढल्या बाजाराला त्यांनी दहा केले. मग पंधरा, मग वीस. जुन्या आकड्यावर नवी चिठ्ठी चिकटवत बापलेक अकोल्यापर्यंत हिंडले.

फोन येत. परतवाड्याहून एक जण म्हणाला, "एक म्हातारी हाय आमच्याकडं. फोटोतल्यावानी दिसत नाई, पन तब्येतीनं चांगली हाय. चालते काय पाहा."

"दुसऱ्याची कशी चालन, भाऊ?" कुंदन म्हणाला.

"तिच्या घरचे काईच देत नाई म्हनतेत. म्हनून इचारलं."

एक दिवस अकोल्याहून फोन आला. हा माणूस मोजकं बोलला. "आजी हाय इथं. हनुवटीवर गोंदन. भाव आनखी चढन काय?"

"चढन," वामनराव म्हणाले. जिभेला दुसरं वळण नव्हतं.

"मंग थांबतो." फोन बंद.

कुंदन शिव्या घालत होता. वामनरावांना त्याचा हिशेब कळत होता. चढत्या बाजारात माल कोण काढतं? ते स्वतः कांदा असाच दाबून ठेवत. आपल्याच बायकोचा भाव आपणच वाढवत नेला, आणि समोरचा आपल्याच अकलेनं वागला.

त्या नंबरवर ते फोन लावत राहिले. लागला तेव्हा वामनरावांनी घासाघीस केली नाही. "पन्नास देतो. पत्ता सांग."

 तिकडून नुसता पत्ता आला.

अकोल्याच्या स्टँडवर उतरले तर भिंतीवर गोदाबाई. पण पत्रक यांचं नव्हतं. फोटो नवा होता: विंचरलेले केस, कधी न पाहिलेलं हिरवं लुगडं, हसरं तोंड. 'आमच्या घरून हरवल्या आहेत. शोधून देणाऱ्यास आठ हजार.' खाली त्याच माणसाचा नंबर.

"आठात घेऊन पन्नासात देनार होता," कुंदन म्हणाला.

एरवी अशा माणसाला वामनरावांनी चहा पाजला असता.

माणसाचं नाव कुलदीप. तो दारातच मान खाली घालून उभा होता. "बसमधून उतरून रडत होती. मीच घरी आनली. चांगलं ठेवलं, काका. चार दिवसानं देनारच होतो."

"कशी गेली?"

 आतून त्याची बायको शालू पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथंच खाली बसली.

"रोज जेवाच्या टायमाले इचारे, 'ते आले काय बजारातून?' मी म्हनो, आले, जेवले, झोपले. मंगच घास घे."

असे वामनराव रोज अकोल्यात वेळेवर घरी येत होते, जेवत होते, झोपत होते. अमरावतीतल्या वामनरावांना त्याची खबर नव्हती.

"मंग?"

शालूनं नवऱ्याकडं पाहिलं. "तुमी फोनवर 'चढन' म्हनले ना, त्याच दिवशी. हे म्हने, आनखी थांबू. मी म्हनलं, कोनाची माय हाय, देऊन टाका. आमचं भांडन झालं. मी चिडून वाढून राहिली होती, अन् तिनं इचारलं. माह्या तोंडून निंगालं, नाई आले."

वामनरावांनी तांब्या हातात घेतला. प्यायले नाहीत.

"मंग ताट तसंच ठेवलं तिनं," शालू म्हणाली. "अन् तुमाले पाहाले गेली."