गव्हाणीचं माप

आमच्या चर्चच्या नाताळच्या नाटकातून सगळ्यात आधी गाढव गेलं.

"शास्त्रात गाढव कुठी आहे?" असं माझे यजमान शांतवनराव पंच कमिटीच्या सभेत म्हणाले, आणि सगळ्यांनी आपापली पुस्तकं उघडून पाहिली. गाढव नव्हतं. मरिया बेथलेहेमाला गेली एवढं होतं, कशावर बसून गेली ते नव्हतं. विपुल नावाचा आमचा अमरावती महापालिकेतला कारकून शाळेत असल्यापासून त्या गाढवाचा मागचा अर्धा भाग होत आला होता. आता त्याला टक्कल पडलं, तरी ती जागा त्याने सोडली नव्हती. तो म्हणाला, "मंग ते पायी गेली, हे तरी कुठी लिहिलं आहे?"

"म्हनून तं चालतानाबी दाखवायचं नाही," शांतवनराव म्हणाले.

तेव्हापासून आमची मरिया पडदा उघडायच्या आधीच बेथलेहेमात पोहोचलेली असते.

पुढच्या वर्षी पूर्वेकडचे तीन ज्ञानी गेले, कारण भेटवस्तू तीन लिहिल्या आहेत, माणसं किती ते लिहिलेलं नाही. त्यानंतर उतारशाळेचा मालक गेला. उतारशाळेत त्यांना जागा नव्हती एवढंच शास्त्र सांगतं. नाही कोण म्हणालं, ते सांगत नाही. असं करता करता नाटकात चारच गोष्टी उरल्या. गव्हाण, बाळंतं, मेंढपाळ आणि लेकरू. लेकरू मात्र खरंच पाहिजे, मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, त्या वर्षी जन्मलेलं, आणि त्याचे आईबापच मरिया आणि योसेफ. हा नियम आमच्या चर्चमध्ये जुना आहे आणि शांतवनरावांनी तो डोळ्यात तेल घालून सांभाळला आहे.

मी नवऱ्याचं नाव घेते याचं कोणाला नवल वाटू नये. मी एस्तेर, सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होते. लाजणाऱ्या बायांना नवऱ्याचं नाव विचारून विचारून माझी लाज निघून गेली. त्या नोकरीमुळेच मला नाताळची चित्रंही कधी पटली नाहीत. बाई नुकतीच मोकळी झालेली, आणि अंगावर कडक इस्त्रीची निळी ओढणी. गव्हाणीत ठेवलेलं बाळ पाहून लोकांना गहिवरून येतं, मला धनुर्वाताचं इंजेक्शन आठवतं. देवाने आपला मुलगा अशा ठिकाणी पाठवला, याचा अर्थ मी एवढाच घेते, की त्याने आमच्यासारख्यांच्या घरची अवस्था पाहून, समजून-उमजून पाठवला.

तर यंदा झालं असं, की मंडळीत लेकरूच नाही. जवान पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला. इथे उरलेल्यांना गुडघेदुखी होते, लेकरं होत नाहीत. चर्चच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, शेवटी बाजारातून एक बाहुली आणली. पोट दाबलं की ती इंग्रजीत 'आय लव्ह यू' म्हणायची.

"शास्त्रात बाहुली कुठी आहे?" शांतवनराव म्हणाले.

"मग नाटक बंद करायचं का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मी महिला मंडळातर्फे सभेला बसले होते. मी म्हणाले, "एक लेकरू आहे. अकोल्याले."

सभेत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला, आणि पंखा तर डिसेंबरमुळे बंद होता. सगळ्यांना माहीत होतं मी कोणाबद्दल बोलते आहे. आमची एकुलती एक मुलगी सुवार्ता. तिला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला घालायची अक्कल यांचीच. तिथे तिला तेल्हाऱ्याचा धर्मेंद्र भेटला. पोरगा बौद्ध घरचा, शांत, आता अकोल्यात वीज खात्यात आहे. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि पाया पडायला दारात आली. शांतवनराव दारात उभे राहिले आणि म्हणाले, "घरात पाव्हने आहेत." पाहुणे कोणी नव्हते. बेथलेहेमात नाही कोण म्हणालं ते लिहिलेलं नसेल, आमच्या घरात कोण म्हणालं ते मला पक्कं माहीत आहे. त्याला दोन वर्षं झाली. यंदा नातू झाला, त्याचं नाव सुगत ठेवलं. मी अकोल्याला जाऊन त्याला न्हाऊमाखू घालून आले. यांनी त्याचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता. मला दुसरं काही नको होतं. माझी पोर लेकराला घेऊन माझ्या उंबऱ्याच्या आत यावी, आणि दार यांनी उघडावं.

"त्या लेकराचा बाप्तिस्मा झाला नाही," कोणीतरी म्हणालं.

पाळकसाहेब मिटल्या तोंडाने हसले. म्हणाले, "शांतवनजी, येशूबाळाचा बाप्तिस्मा गव्हाणीत झाला होता काय हो?"

शांतवनराव माणूस अडेलतट्टू असतील, पण शास्त्राच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत. "नाही," ते म्हणाले. "तीस वर्षांचे झाल्यावर."

"आणि योसेफ मंडळीत होता?"

"तवा मंडळीच नवती."

ठराव झाला. घरी येताना हे भराभर पुढे चालत होते. मी मागे राहिले, कारण मी खूश होते, आणि ते लपवायला बराच दम लागत होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच अकोल्याची एसटी धरली. धर्मेंद्रची आई सुंदराबाई, म्हणजे माझी विहीण, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"गव्हानीत निजवता? काहून? पाळना नाही काय तुमच्या इथं?"

मी म्हणाले, तशी रीत आहे.

"ईनबाई, माह्या सासऱ्यानं सारी जिंदगी दुसऱ्याच्या कोठ्यातलं शेन काढलं. त्या गव्हानीपाशीच त्याले वरून भाकर टाकत. तिथून भायेर निंगाले आमाले तीन पिढ्या लागल्या. आता नातू पुन्हा तिथंच निजवू? अन् लोकं टाया वाजवतीन?"

तीस-पस्तीस वर्षं दवाखान्यात काढली, डॉक्टरांना उलटं बोलले, पण या बाईपुढे मी फक्त तिने ठेवलेली शेंग उचलून तिच्या हाती दिली. सुवार्ता आतून ऐकत होती. ती फक्त सुगतला दुसऱ्या खांद्यावर घेऊन उभी राहिली.

शेवटी सुंदराबाईच म्हणाली, "नाटकाले मी लेकरू देत नाही. आज्याले देईन. आजा येऊ दे."

हा निरोप मी घरी येऊन जसाच्या तसा सांगितला. शांतवनराव तेव्हा मागच्या पडवीत गव्हाण घासत होते. मिशनच्या शाळेत त्यांनी सुतारकाम शिकवलं आहे, त्यामुळे यंदाची गव्हाण त्यांनी थर्माकोलची होऊ दिली नव्हती. वलगावचे शेतकरी महादेवराव यांच्या गोठ्यात आता सिमेंटची गव्हाण झाली, म्हणून त्यांची जुनी सागवानी गव्हाण हे ऑटोत घालून घेऊन आले होते. माझं बोलणं झालं आणि हे घासतच राहिले. दोन दिवस घासलं. एवढी गुळगुळीत गव्हाण कोणत्या बैलाने जन्मात पाहिली नसेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून समोर आले. "लेकराचं माप पाहिजे," म्हणाले. "गव्हान लांब आहे. मंधात फळी ठोका लागन."

"फोनवर विचारा," मी म्हणाले. मला पूर्ण सूड घ्यायचा होता.

"फोनवर माप कोन घेते?"

एसटीत मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. मूर्तिजापूरनंतर खिसा चाचपायला लागले. टेप काढून पाहिला, परत ठेवला. तो त्यांचा स्टीलचा टेप नव्हता. माझ्या शिवणाच्या डब्यातला कापडी टेप होता. स्टीलच्या टेपने लेकराला कापतं. तेव्हा मला कळलं की हा माणूस आतून केव्हाच वितळला आहे, फक्त बाहेर यायला दार शोधतो आहे.

सुंदराबाईने त्यांना पलंगावर बसवलं, पाणी दिलं. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. हे त्या तसबिरीकडे पाहत राहिले, कारण इतर कुठे पाहायची सोय नव्हती.

"मापाले आलो," म्हणाले.

"घ्या माप," सुंदराबाई म्हणाली, आणि सुगतला त्यांच्यापुढे चादरीवर ठेवलं.

यांनी डोक्यापासून टाचेपर्यंत टेप धरला. सुगतने टेपाचं टोक मुठीत पकडलं. यांनी हळूच ओढलं. त्याने सोडलं नाही. यांनी पुन्हा ओढलं नाही. दोघं तसेच बसून राहिले, एक टोक यांच्याकडे, एक त्याच्याकडे.

सुवार्ता चहा घेऊन आली. यांनी कप घेतला, घोट घेतला. दोन वर्षांनी बापाने लेकीशी पहिला शब्द काढला तो असा, "साखर जास्त आहे."

"तुमी तं दोन चमचे घेता, बाबा."

"बंद आहे. उन्हाळ्यापासून. डाक्टरनं सांगतलं."

सुवार्ताने माझ्याकडे पाहिलं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. ती कप घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बिनसाखरेच्या चहाला एवढा वेळ लागत नाही. मी शेंगा सोलायला घेतल्या.

सुंदराबाईने मात्र व्याह्यापुढेही आपला प्रश्न सोडला नव्हता. "इवाई, मले एक सांगा. गव्हानच काहून?"

मला वाटलं आता शास्त्र उघडतील. त्यांनी उघडलं नाही. टेपाकडे पाहत म्हणाले, "माह्या आज्याचा जलम कोठ्यातलाच, ईनबाई. त्याच्या मायले घरात घेतलं नवतं कोनी. म्हनून मले हे सांगा लागते, का देव आला तवा वाड्यात नाही उतरला. आपल्याकडं उतरला."

"आमी देव नाही मानत."

"नका मानू. लेकरू तं मानता?"

"तेवढं मानतो," सुंदराबाई म्हणाली. मग सुगतची चादर सारखी करत म्हणाली, "पन बाळंतं माह्या घरचं राहीन. मऊ लुगडं आहे माहं. दुकानातलं टोचरं फडकं नाही गुंडाळू देनार."

माप पेन्सिलीने तळहातावर लिहून आम्ही परत आलो. घरी आल्यावर कळलं, गव्हाण लांब नव्हतीच, फळी ठोकायची गरज नव्हती.

नाताळच्या दिवशी सकाळी चौघं अमरावतीला आले. दाराची कडी वाजली. मी स्वयंपाकघरातून हलले नाही. पाय हलायला पाहत होते, मी त्यांना धरून ठेवलं. दार यांनी उघडलं. "या," म्हणाले, एवढंच. सुवार्ताने उंबरा ओलांडला आणि मी पदराने डोळे पुसले. सुंदराबाईने विचारलं, काय झालं. मी सांगितलं, कांदा. त्या दिवशी आमच्याकडे केक आणि करंज्या होत्या.

संध्याकाळी चर्चच्या आवारात मांडव भरून गेला. सुवार्ता मरिया, धर्मेंद्र योसेफ. त्याला एकही वाक्य नव्हतं, कारण योसेफ शास्त्रात एक शब्द बोलत नाही. हे काम त्याला फार साधलं. सुगत आजीच्या लुगड्यात गुंडाळून गव्हाणीत. गव्हाणीत खाली कुटार, म्हणजे तुरीचा भुसा, तोही वलगावचा, खराखुरा. यांचा सक्त हुकूम होता की मेंढपाळ येऊन पाहीपर्यंत लेकराला कोणी उचलायचं नाही. मेंढपाळांना ते गव्हाणीतच सापडलं पाहिजे, तसं लिहिलं आहे.

मेंढपाळ काही येईनात. पडद्यामागे एकाचा फेटा सुटला होता. पाळकसाहेबांनी वाचन थांबवून खोकून पाहिलं. आणि कुटार लुगड्यातूनही टोचलं असावं, सुगतने सूर लावला. आधी साधा, मग असा की रस्त्यावरच्या ऑटोवाल्यांनी वळून पाहिलं.

सुवार्ताचे हात वर आले आणि थांबले. तिने लेकराकडे पाहिलं नाही, पडद्याआडच्या बापाकडे पाहिलं. ज्या पोरीने लग्न करताना विचारलं नव्हतं, ती आता विचारत होती.

पहिल्या रांगेतून सुंदराबाई उठली. "अहो, टोचून राहिलं त्याले! उचला ना कोनी!"

शांतवनराव पडद्याआडून बाहेर आले. स्वेटर, मफलर, कपाळावर चष्मा, पायात स्लिपर. भर बेथलेहेमात चालत गेले, गव्हाणीतून नातवाला उचललं, त्याच्या पाठीचं कुटार झटकलं. सुगतने मफलर पकडला आणि गप्प झाला.

लोकांना कळेना टाळ्या वाजवाव्या की नाही. तेवढ्यात मागून विपुलचा आवाज आला. इतकी वर्षं तो या संधीची वाट पाहत होता.

"शांतवनजी! शास्त्रात आजा कुठी आहे?"

मांडव हसला. हे नेहमी पुस्तक उघडूनच उत्तर देतात. आज दोन्ही हात अडकलेले होते.

"होता," ते म्हणाले. "लिहायचं राह्यलं असंन."

मग ते लेकीकडे वळले. "सरक माय थोडी. मले बसाले जागा दे."

सुवार्ता सरकली. ते तिच्या शेजारी कुटारावर बसले. मेंढपाळ आले तेव्हा बाळ गव्हाणीत नव्हतं, आज्याच्या मांडीवर होतं, आणि मरिया त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मेंढपाळांनी आपली वाक्यं म्हटली आणि गेले.

पुढच्या वर्षी गाढव परत घ्यायचं ठरलं आहे. ठराव शांतवनरावांनीच मांडला. मागचा अर्धा भाग विपुल होणार आहे.