पिकदाणीतली फुलं

मी पिकदाणी बोलतेय. नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे. पण उठून जाऊ नका. ही गोष्ट थुंकीची कमी आणि ती उचलणाऱ्या बाईची जास्त आहे.

नव्या पोरांना मी माहीत नसेन म्हणून सांगते. पूर्वी बैठकीतली माणसं पान-तंबाखू खाऊन गादीवर बसल्या जागी थुंकायची. उठून अंगणात जायचं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांच्यासाठी मी. अंगानं पितळेची. खाली गोल पोट, मध्ये अरुंद गळा, वर ताटलीसारखं पसरट तोंड.

मला घडवलं कळमनुरीच्या मोहियोद्दीनचाचांनी. पत्रा तापवून ठोकला, पोट आणि तोंड डाग देऊन जोडलं, आणि उन्हात धरून मला गोल फिरवलं. म्हणाले, "मूँह चौडा, गला तंग. अंदर का अंदर रैता, किसकू दिखता नै." मला वाटलं, काय कौतुक चाललंय माझं! कौतुक कसलं, माझं काम सांगत होते ते.

बाजाराच्या दिवशी कुरुंद्याच्या आबांनी मला विकत घेतलं. आबा म्हणजे हळदीचे मोठे बागायतदार. बैठकीत त्यांच्या उजव्या हाताला माझी जागा. गावातले तंटे तिथं मिटायचे, सोयरिकी तिथं जुळायच्या, आणि बोलता बोलता सगळे माझ्यात थुंकायचे. आबा थुंकायचे, पाहुणे थुंकायचे, मिसरूड फुटल्यावर आबांचा मुलगा उत्तमरावही थुंकायला लागला. शहाणपणाच्या गोष्टी सांगणाऱ्या एकाही माणसानं मला कधी उचललं नाही. सकाळ झाली की आतल्या दाराकडे तोंड करून एकच शब्द यायचा, "उचला."

उचलायची ती घरातल्या सुनेनं. आधी आबांची बायको उचलायची. मग उत्तमरावाचं लग्न झालं आणि सखुबाई आली. सतरा वर्षांची होती. हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. सासूनं मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता हे तुझं."

पहिल्या दिवशी पदर नाकाला लावून, श्वास धरून ती मला मागच्या दारानं घेऊन गेली. चिंचेच्या झाडाच्या बुडाशी ओतलं. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि घासायला बसली. माझा गळा अरुंद, हात आत जाता जात नाही. तिचा हात बारीक होता म्हणून गेला. पुढे तिनंच एक युक्ती काढली. घासून झालं की माझ्या तळाला मूठभर राख टाकून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी चिकटत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुणाला कळलंही नाही.

तिला दिवस गेले तेव्हाची गोष्ट मी विसरत नाही. तिला कशाचाच वास सोसत नव्हता. मला उचललं की ओकारी यायची. एका सकाळी ती चिंचेखाली मला बाजूला ठेवून ओकत बसली होती. उत्तमराव तिथंच नळावर दात घासत उभा होता. त्यानं पाहिलं. मला वाटलं, आता येईल, मला उचलेल, निदान लाथेनं बाजूला तरी सारील. त्यानं खळखळून चूळ भरली आणि घरात निघून गेला.

त्या दिवसापासून मी मनाशी एकच धरून बसले. जे माझ्यात थुंकले, त्यांच्यातला एक तरी हात मला उचलून धुताना मला बघायचाय. एक हात. जास्त मागत नाही.

सखुबाईला येऊन बावीस वर्षं झाली. आबा वारले. बैठक मोडली, गाद्या गेल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. उत्तमरावानं तंबाखू सोडली. सखुबाईनं मला शेवटचं घासलं, पोत्यात घातलं आणि माळ्यावर टाकलं. जुनी भांडी घेणारा मोडवाला दोनदा दारात आला, दोन्ही वेळेला ती म्हणाली, "त्ये न्हाई द्यायचं." काहून, ते तिनं सांगितलं नाही. मी एकोणीस वर्षं पोत्यात पडून होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. दमलेल्याला अंधार बरा वाटतो.

यंदा दसऱ्याच्या सकाळी पोतं उघडलं. उघडणारी होती पुनम, सखुबाईच्या धाकट्या मुलाची, सोमेश्वरची बायको. लग्नानंतरचा तिचा पहिला दसरा. नवरा-बायको नांदेडला राहतात, सणाला आलेली. उत्तमरावाचे गुडघे आता वाकत नाहीत, पाटावर बसता येत नाही, म्हणून सोमेश्वरनं गणपतीत जेवायचं टेबल आणून टाकलं होतं. आज त्या टेबलावर पहिल्यांदाच सणाची पंगत बसणार होती. पुनमला मधोमध फुलं मांडायची होती, म्हणून ती माळ्यावर भांडं शोधत होती. मी सापडले.

तिनं मला चिंचेच्या कोळानं घासलं. मी उजळले. लाज वाटली मला, या वयात इतकं चमकायची.

मग तिनं फुलं आणली. आधी झेंडू घातले, ते पाण्यात बुडाले. काढले. मग हळदीत शिरली आणि हळदीची फुलं घेऊन आली. तुम्ही पाहिलंय का हळदीचं फूल? पानांच्या गर्दीत खाली लपून येतं. हिरवट-पांढरं, शेंड्याला गुलाबी, एकावर एक द्रोण ठेवल्यासारखं. आमच्याकडे सगळी किंमत जमिनीतल्या गड्ड्याला, फुलाकडे कुणी मान वळवून बघत नाही. पुनमनं त्यांचे दांडे विळीवर तिरपे कापले, पाच दांडे सुतळीनं बांधले आणि माझ्या गळ्यात उभे केले. गळा अरुंद, म्हणून ते ताठ राहिले. पसरट तोंडावर आंब्याची पानं लावली, पानांवर पिवळी शेवंती, कडेनं झेंडूची रांग. खुर्चीवर बसून बघितलं, उठून एक दांडा आखूड केला.

"समोरच्याचं तोंड दिसाया पाहिजे," ती स्वतःशीच म्हणाली.

तेवढ्यात सखुबाई पुरणाचं पातेलं घेऊन आली. मला बघून जागीच थांबली.

"हे कुठं सापडलं?"

"माळ्यावर, आई. जुनी फुलदाणी हाय ना? किती जड हाय बघा. बराबर बसली का नाही फुलं?"

मला वाटलं, आता सांगेल. मी पोरीच्या तोंडाकडे बघत होते. सखुबाईनं पातेलं खाली ठेवलं. जवळ आली. एक शेवंती कलंडली होती, ती खोल खोचली. तिचा अंगठा माझ्या गळ्यावर आला, बरोबर जुन्या जागी.

"बसली," ती म्हणाली. "पण पुढच्या बारीला घासताना बुडाशी हात फिरव. तिथं राहतं."

आणि पुरण घेऊन आत गेली.

दुपारी मंजुळाबाई आल्या. उत्तमरावाच्या बहीण, आबांची लाडकी लेक, पुसेगावला दिलेल्या. ताटं वाढली होती. त्या खुर्ची ओढून बसल्या, मला बघितलं आणि ताडकन उभ्या राहिल्या.

"अगं बया! ही तर आबांची पिकदाणी! जेवायच्या टेबलावर?"

पुनमच्या हातातली पळी तशीच राहिली. "आत्या, मला माहीत न्हवतं..."

"माहीत न्हवतं? तुझ्या माहेरी कुणी थुंकतच न्हाई का काय? सारे गिळूनच बसत्यात?"

सोमेश्वरला हसू आलं, आईचं तोंड बघून त्यानं ते आवरलं. पुनमच्या डोळ्यांत पाणी जमलं. पहिला सण, सकाळपासूनची मेहनत, आणि सगळ्यांसमोर ही शोभा. मंजुळाबाईंनी हात झटकला. "वहिनी, उचला बरं ते आधी. घास उतरायचा न्हाई माझ्या नरड्याखाली."

उचला. तोच शब्द, आणि बोलण्याची ढब हुबेहूब आबांची.

सखुबाई तूप वाढत होती. तिनं तुपाची वाटी शांतपणे टेबलावर ठेवली.

"न्हाई उचलत."

"काय म्हणलात?"

"न्हाई उचलत म्हणलं. बावीस वर्सं उचलली. तुमच्या बापाची, तुमच्या दादाची, गावातल्या साऱ्या थुंकणाऱ्यांची. रोज सकाळी ही धुवायची अन् त्याच हातानं भाकरी थापायची. तुमी माहेरपणाला आलात की चार-चार खायच्यात, तवा उतरायच्या नरड्याखाली. आज हिच्यात फुलं हायती, तर घाण वाटू लागली?"

"दादा, बोल की काहीतरी!"

उत्तमराव ताटाकडे बघत होता. मग म्हणाला, "बस, मंजुळा. पोळी गार होतीय."

मंजुळाबाई बसल्या. दोन पोळ्या खाल्ल्या. जाताना पुनमच्या हातावर सोनं म्हणून आपट्याची पानं ठेवली, तोंड मात्र फुगलेलंच होतं. सखुबाईनं पुनमला जवळ बोलावलं आणि एवढंच म्हणाली, "रडू नको. फुलं चांगली मांडलीस."

मी मनात म्हटलं, झालं. ती बोलली, तेवढं पुरे. हात काही कुणाचा यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी पोरं नांदेडला निघून गेली. शेवंती काळवंडली, माझ्यातलं पाणी वास मारायला लागलं. सकाळी सखुबाईनं सवयीनं हात पुढे केला.

"थांब," उत्तमराव म्हणाला.

त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं. कुठं धरायचं ते त्याला माहीत नव्हतं. तोंडाला धरलं, पाणी हिंदकळून त्याच्या सदऱ्यावर सांडलं. तसाच तो मागच्या दारापर्यंत गेला आणि तिथं थांबला.

"हे कुठं ओतायचं असतंय?"

सखुबाईला या घरात येऊन एक्केचाळीस वर्षं झाली. तो तर इथंच जन्मला. आणि त्याला माहीत नव्हतं.

"चिंचेच्या बुडाला," ती म्हणाली.

तो लंगडत गेला. ओतून आला. मला घेऊन उभाच राहिला.

"धुवायची बी असती," ती म्हणाली.

वाकता येत नाही म्हणून त्यानं बादली पालथी घातली, तिच्यावर बसला. राख घेतली. त्याचा हात जाडा, माझ्या गळ्यात चार बोटंच गेली. घासता घासता तो एकदम थांबला आणि चिंचेकडे बघू लागला. ती ओकत बसलेली सकाळ त्याला आठवली का, मला माहीत नाही. त्यानं माफी मागितली नाही आणि तिनंही मागायला लावली नाही. ती दारात उभी होती. हात द्यायला पुढे झाली नाही.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"बुडाशी हात फिरवा," सखुबाई म्हणाली. "तिथं राहतं."

त्यानं पुन्हा हात घातला.

आता मी खिडकीत असते. सखुबाई शेताकडून येताना हळदीचं एखादं फूल आणते आणि माझ्यात उभं करते. पाणी तो बदलतो. कधी विसरतो, मग ती नुसती माझ्याकडे बघते आणि त्याला आठवतं. मी फार थकलेय. माझा जोडाचा डाग सैल झालाय, पोटातून थेंब थेंब पाणी झिरपतं. एक दिवस मला मोडीत घालाल, घाला. तक्रार नाही. पण त्याआधी तुमच्या घरात बघा. तुमचं कुणीतरी रोज उचलत असेल. ते कुठं नेऊन ओततात, एवढं तरी जाऊन बघून या.