मी तिवर घराची बस्करपट्टी

मी बस्करपट्टी बोलतेय. कोपरच्या एका मराठी शाळेतली, सुताची, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. मला लिहिता-वाचता येत नाही. माझ्यावर बसून पुष्कळ मुलं लिहायला-वाचायला शिकली, तेवढाच माझा शिक्षणाशी संबंध. बोलायची सवय नाही, म्हणून सावकाश बोलते. पण मला राग आलाय, आणि तो सांगितल्याशिवाय मला नीट पसरताही येणार नाही.

भिवंडीजवळच्या एका हातमागावर मी विणली गेले. उरल्यासुरल्या सुताचा लांबलचक तागा होता तो. कल्याणच्या बाजारात आसावरीबाईंनी तो घेतला आणि दुकानातच त्याचे चार तुकडे करायला सांगितले.

"अख्खाच राहू द्या ना बाई," दुकानदार म्हणाला. "हॉलमध्ये टाकलात तर शोभून दिसेल."

"शोभेला नकोय. मला चार घरं मांडायचीयेत."

तो हसला. त्याला वाटलं, बाई भातुकलीचं बोलतायत.

बाई त्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी तिसरीपासून नववीपर्यंतची सगळी मुलं चार घरांत वाटली. करंज, उंबर, बकुळ आणि तिवर. प्रत्येक घरात लहान-मोठी सगळ्या वर्गांतली मुलं, आणि प्रत्येक घराला एक पट्टी. मी तिवरच्या वाट्याला आले. आमच्या घरातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी तोंडं वाकडी केली.

"बाई, तिवर म्हणजे ते खाडीतलं ना? चिखलातलं?"

"तेच. चिखलात उभं राहायला येतं का तुला?"

रोज शेवटच्या तासाला बाकं सोडून मुलं व्हरांड्यात यायची आणि आपापल्या पट्टीवर बसायची. मोठ्याच्या शेजारी लहान, त्याच्या शेजारी पुन्हा मोठा. मोठ्याने लहानाला शिकवायचं. बाईंचे नियम दोनच होते. उत्तर सांगायचं नाही, त्यालाच काढू द्यायचं. आणि ज्याला काल येत नव्हतं त्याला आज आलं, की घराला एक गुण. हुशार मुलाने बरोबर उत्तर दिलं तर काही नाही. ते त्याला कालही येत होतं.

माणसं मला पायाखालची वस्तू समजतात, पण पायाखालून फार दिसतं. उत्तर माहीत असलेलं मूल टाचांवर उठून बसतं. माहीत नसलेलं मूल माझ्या कडेचे दोरे ओढत राहतं. माझी कड कुठे किती उसवली आहे यावरून कोणाचं कुठे अडलं होतं, ते मी आजही सांगेन.

सगळ्यात जास्त उसवली ती मेघनाच्या जागेपाशी.

मेघना नववीत होती. उंच, खांदे पाडून बसणारी. शाळा बंद होत्या त्या दोन वर्षांत तिच्या घरात एकच फोन होता, आणि तो तिच्या वडिलांबरोबर कामावर जायचा. वडील राजरत्न, वायरमन. शाळा उघडल्यावर तिला वरच्या वर्गात बसवलं, मग त्याच्या वरच्या. मागे काय राहिलं ते कोणी पाहिलं नाही. नववीत आली तेव्हा तिला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. वर्गात वाचायची पाळी आली की तिला खोकला यायचा. सगळ्या शिक्षकांना तो खोकला माहीत होता.

आसावरीबाईंनी तिच्या शेजारी बंटीला बसवलं. बंटी तिसरीतला, कायम एक मोजा खाली घसरलेला.

"मेघना, याला तिसरीचं पुस्तक वाचायला शिकवायचं. ही तुझी जबाबदारी."

नववीतल्या मुलीला तिसरीचं पुस्तक उघडायला यापेक्षा चांगलं निमित्त कोण देणार होतं? मी मनातल्या मनात बाईंना नमस्कार केला. मेघना रोज ते पुस्तक घरी न्यायची, उद्याचं पान आज रात्री वाचून काढायची आणि दुसऱ्या दिवशी ताई होऊन यायची.

एकदा मात्र पानातल्या एका शब्दावर ती थांबली, ती थांबलीच. दोरा ओढायला लागली.

"ताई, तुला जोडाक्षर येत नाही का गं?" बंटीने विचारलं.

"येतं रे. तुझी परीक्षा घेत होते."

बंटीने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मलापण येत नाही. आपण दोघांनी मिळून करूया. कोणाला सांगायचं नाय."

त्या दोघांनी ते मिळून केलं. पावसाळा सरेपर्यंत बंटी धडा सलग वाचायला लागला आणि मेघनाने चौथीचं पुस्तक उघडलं. मग पाचवीचं. एक दिवस वर्गात तिची पाळी आली आणि तिला खोकला आला नाही. अडखळत का होईना, तिने एक परिच्छेद संपवला. त्या दिवशी शेवटच्या तासाला ती टाचांवर उठून बसली होती. मी कितीतरी मुलांचं वजन उचललंय, पण तेवढं हलकं वजन मला आठवत नाही.

चाचणीत चारही घरांचे गुण वाढले. तिसरी-चौथीची मुलं भराभर वाचायला लागली. बातमी संस्थेच्या अण्णांपर्यंत गेली. अण्णा संस्थेचे अध्यक्ष. गोड बोलणारे, प्रत्येक मुलाला बाळ म्हणणारे. येतील त्या पाहुण्यांना ते आम्हा चार पट्ट्यांपाशी आणायचे. राग याचाच येतो. या गोष्टीने काय होतं ते त्यांना दिसलं होतं. ते आंधळे नव्हते. त्यांना फक्त घाई होती.

दिवाळीनंतर अण्णांनी एक भलीमोठी चकचकीत ढाल आणली. म्हणाले, "आता खरी चुरस लावू या. ज्या घराच्या गुणांची सरासरी जास्त, त्याची ढाल."

आसावरीबाई म्हणाल्या, "अण्णा, सरासरी धरली तर मुलं कच्च्यांना टाळतील."

"टाळत नाहीत हो. उलट ओढून वर आणतील."

बाईंनी गुणांची वही मिटून ठेवली.

आम्ही एकाच ताग्याच्या चौघी बहिणी. आठवड्याभरात आमच्यावर बसणारी मुलं एकमेकांचे वैरी झाली, आणि एका घरातली मुलंही एकमेकांची राहिली नाहीत. हुशाराच्या शेजारी हुशार बसायला लागला. लहानांना कोण विचारतो? आमच्या घराची प्रमुख ऋजुता होती, मेघनाच्याच वर्गातली, पहिल्या नंबरची. ती एकदा तास संपल्यावर मेघनाजवळ आली.

"उद्या चाचणी आहे. तू नको येऊस ना, प्लीज. पोटात दुखतंय म्हणून सांग."

"का?"

"अगं, गैरहजर मुलांचे गुण सरासरीत धरत नाहीत."

मेघना दुसऱ्या दिवशी आली नाही. तिवर घराला ढाल मिळाली. पोरं माझ्यावर नाचली. एवढा भार मी आयुष्यात सोसला नव्हता.

ऋजुताला मी दोष देत नाही. पोरीला मोजायला शिकवलं तसं ती मोजत होती. राग येतो तो शिकवणाऱ्यांचा. माणसं लहान मुलांच्या हातात तराजू देतात, आणि मग मुलं निर्दय झाली म्हणून सभेत भाषणं करतात.

मग शेवटचा तासही गेला. ढाल मिळवायला सराव चाचण्या हव्यात, म्हणून व्हरांड्यातला तास बंद. आम्हा चौघींना गुंडाळून कार्यालयाच्या कोपऱ्यात उभं केलं. त्यामुळेच पुढचं मला ऐकायला मिळालं.

फेब्रुवारीत अण्णांनी राजरत्नला बोलावलं. तो मेघनाला घेऊन आला, खांद्यावर हत्यारांची पिशवी तशीच. आसावरीबाई दाराशी उभ्या होत्या.

"बस राजरत्न. चहा घेणार?"

"नको अण्णा, साइटवरून आलोय. बोला ना."

"मुलीच्या भल्याचंच सांगतो. तिचा सतरा नंबरचा फॉर्म भरून टाक. इथून दाखला काढायचा, घरी निवांत अभ्यास करायचा आणि बाहेरून दहावीला बसायचं. परीक्षा तीच, बोर्ड तेच."

"सगळं तेच, तर मग फरक काय पडतो?"

अण्णांनी कपातला चहा ढवळला. "फरक शाळेला पडतो. आपला दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो. पटसंख्या त्यावर टिकून आहे. नाहीतर उद्या शाळाच बंद पडेल, मग कोणाच्याच मुलांना शाळा नाही."

"पण आत्ता कुठे वाचायला लागलीय ती, अण्णा. या बाईंनाच विचारा."

अण्णांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी जमिनीकडे पाहिलं. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी अण्णांपेक्षा मला त्यांचाच राग जास्त आला. अण्णांना मेघना माहीत नव्हती. बाईंना माहीत होती.

"नाहीतर नववीत नापास करावं लागेल," अण्णा हळुवार म्हणाले. "वर्ष वाया. त्यापेक्षा हे बरं, नाही का बाळ?" आणि त्यांनी एक छापील अर्ज राजरत्नपुढे सरकवला. "इथे सही कर. वाचत बसू नकोस, सगळ्यांचा मजकूर तोच असतो."

सगळ्यांचा. म्हणजे छापूनच ठेवले होते.

राजरत्नने खिशातलं पेन काढलं. पोरीचं एक वर्ष वाया जाणार या धाकाने त्याचा हात कागदापर्यंत गेलाही.

"पप्पा, थांबा," मेघना म्हणाली आणि तिने तो कागद उचलला. "मला वाचू द्या."

अण्णा हसले. मेघना मोठ्याने वाचायला लागली. बोट शब्दाखाली धरून, तिसरीच्या पोरासारखी. माझ्या पाल्याचे नाव पटावरून कमी करावे. आम्ही... मग ती थांबली. पुढे एक अवघड शब्द होता. दाराशी बाईंचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. नियम म्हणून त्या गप्प राहिल्या की भीतीने, ते मला अजून कळलेलं नाही.

मेघनाने तो शब्द तोडला, जोडला, पुन्हा तोडला. "स्वे... च्छे... ने," ती म्हणाली. "स्वेच्छेने शाळा सोडत असून शाळेविरुद्ध आमची कोणतीही तक्रार नाही."

तिने कागद टेबलावर ठेवला.

"पप्पा, माझी इच्छा नाहीये."

राजरत्नने पेनाचं टोपण लावलं. "अण्णा, तिची इच्छा नाही म्हणते."

"मग नववीतच बसेल ती."

"बसू दे," राजरत्न म्हणाला. "पण इथेच बसेल."

आणि शाळेने तिला खरंच नापास केलं. जूनमध्ये ऋजुताचा वर्ग दहावीत गेला. मेघना पुन्हा नववीत, एक वर्ष लहान मुलांमध्ये. दहावीच्या वर्गातल्या काही जागा रिकाम्या होत्या. तिथे बसायच्या त्या मुलांच्या घरच्यांनी न वाचता सह्या केल्या होत्या. त्यांच्यापैकी कोणीही माझ्यावर बसलेलं असेल, या विचाराने माझं सूत आजही पिळवटतं.

मागच्या आठवड्यात मेघना कार्यालयात आली. अण्णा पेपर वाचत होते.

"पट्टी नेऊ का?"

"कशाला? तो तास बंद केलाय."

"मधल्या सुट्टीत बसू. सुट्टी तर बंद नाही ना केली?"

उत्तराची वाट न बघता तिने मला खांद्यावर टाकलं. आता मी रोज अर्धा तास व्हरांड्यात असते. डबे सांडतात, आमटीचे डाग पडलेत. तीन-चार मुलं येतात, कधी दोनच. परवा आसावरीबाई व्हरांड्याच्या कडेला बराच वेळ उभ्या होत्या. मग चपला काढून माझ्या टोकाला येऊन बसल्या. मेघनाने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि शेजारच्या पोराला म्हणाली, "तू वाच."

मला वाटलं होतं, यामुळे माझा राग जाईल. गेला नाही. शाळेच्या फाटकावर नवा फलक लागलाय, निकाल शंभर टक्के. खाली हसऱ्या मुलांचे फोटो आणि हात जोडलेले अण्णा.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. असा फलक तुम्हाला कोपरला दिसो, टेंभी नाक्याला दिसो नाहीतर मोहन्याला, नुसता वाचून पुढे जाऊ नका. आत जा आणि विचारा, हीच मुलं नववीत होती तेव्हा वर्गात किती जण होते. चहा घेणार का विचारतील. नको म्हणा. उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभे राहा.