तुटलं की नकली

"हा तुमचाच आहे, एवढं म्हणा. भरपाई नको, नवा पॅड नको, पाणीसुद्धा नको," असं म्हणत मेस्त्रीने खिडकीच्या फटीतून तुटका ब्रेक पॅड आत सरकवला.

काचेपलीकडच्या बाईंनी आधी पॅडकडे पाहिलं, मग मेस्त्रीकडे. या खिडकीवर माणसं भांडायला येत, रडायला येत, ओळख सांगायला येत. नुसतं एक वाक्य मागायला आलेला माणूस त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्यात तक्रारीचा माल ज्या खोलीत येई, त्या खोलीच्या या बाई. आलेला भाग आपण बनवलेला, की कुणी आपलं नाव छापून बाजारात खपवलेला, हे ठरवणं त्यांचं काम. धातुशास्त्र शिकलेल्या होत्या, नजर तयार होती. खोलीत एक टेबल, एक भिंग, एक वजनकाटा आणि एक रबरी शिक्का. शिक्क्यावर शब्द एकच: 'नकली'. दुसरा शिक्का कंपनीने कधी बनवून घेतलाच नव्हता. बाईंनी एकदा 'अस्सल'च्या शिक्क्याची मागणी केली, तेव्हा खरेदीवाल्यांनी अगदी निरागसपणे विचारलं होतं, "पण तो लागणार कधी?" तेव्हापासून कारखाना बाईंना 'नकलीबाई' म्हणे. मागे म्हणे आणि पुढ्यातही म्हणे, पुढ्यात जरा प्रेमाने.

नकली माल बाईंना लांबून कळायचा. अंगठा घासला की रंग निघतो. कडा बोटाला ओरखडतात. चाकाच्या तबकडीवर घासला जाणारा जाड थर, म्हणजे लायनर, नाकाशी धरला की जळक्या चपलेसारखा वास येतो. आणि डबा फार देखणा असतो. अस्सल डब्यावरची छपाई थोडी हललेली, चिकटपट्टी तिरकी. नकली डबा मात्र मुलगी बघायला निघाल्यासारखा नटलेला.

पण पक्की खूण निराळीच होती. पूर्वी कधीतरी पॅडची लोखंडी पट्टी कापणाऱ्या साच्याचा टवका उडाला होता. तेव्हापासून प्रत्येक पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात तांदळाएवढा उंचवटा येई. नवा साचा महाग, म्हणून कंपनीने तो तसाच चालू ठेवला. नकली पट्ट्या करणारे बिचारे कामाला चोख. त्यांना ती खोट वाटली, त्यांनी ती आपल्या साच्यात येऊच दिली नाही. "आपल्या मालाची आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त लाज," असं हसत हसत सांगून वरच्या मजल्यावरच्या साहेबांनीच बाईंना पहिल्या दिवशी ती जन्मखूण दाखवली होती.

बाईंनी आता पट्टीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. तांदूळ जागेवर होता.

लायनर मात्र पट्टीपासून अख्खाच्या अख्खा सुटला होता. मागे गोंदाचा पिवळट, कोरडा डाग. सुटला म्हणण्यापेक्षा तो कधी चिकटलाच नव्हता.

"कुणाच्या गाडीतला?"

"माझ्या बहिणीच्या. मीच बसवला, माझ्या गॅरेजात." मेस्त्रीने शर्टाला हात पुसले. ते स्वच्छच होते. "उतारावर दाजींनी ब्रेक दाबला, गाडी ऐकेचना. गेली ती गोदामाच्या भिंतीत. बहिणीचा उजवा हात मोडला. दाजींनी तुमच्या कंपनीत फोन लावला, तर एक गोड आवाजाची पोरगी म्हणाली, सर, आमचा पॅड असा सुटतच नाही. सुटला असेल तर तो आमचा नसणार."

"मग?"

"मग काय ताई, हिशेब सरळ आहे. तुमचा नाही म्हणजे मी नकली घातला. सख्ख्या बहिणीच्या गाडीत. दाजी म्हणाले, पुन्हा उंबऱ्यात दिसू नका. गिऱ्हाईकं तुटली, त्यांचं मी बघून घेईन. पण बहीण... फोन करतो तर उचलते. उचलते आणि गप्प राहते. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो."

"बसा इथं," बाई म्हणाल्या आणि पदराखाली तान्हं मूल धरावं तसा पॅड ओढणीआड धरून जिना चढायला लागल्या.

चढताना त्यांना आपल्या सासूबाई आठवल्या. नातू वर्गात पहिला आला की सासूबाई म्हणत, आमच्या घराण्याचं डोकं आहे. त्याच नातवाने काचेचा जग फोडला की म्हणत, आईवर गेलाय. कंपनीची रीत याहून वेगळी नव्हती. पॅड चालतोय तोवर आमच्या घराण्याचा, फुटला की सुनेच्या माहेरचा. फरक इतकाच की सासूबाईंच्या न्यायदानात कुणाचा हात मोडला नव्हता.

वर साहेबांनी पॅड घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बाईंसारखाच कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. त्या माणसाला लोखंड कळत होतं, हीच तर सगळ्यात वाईट गोष्ट होती.

"आपलाच आहे," साहेब म्हणाले. "आणि मागचं हे गोंदाचं काम. गोंद पुरवणारा बदलला होता ना आपण, त्या खेपेतला. मारा शिक्का."

बाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आपला आहे म्हणालात ना?"

"तुम्हाला म्हणालो. चार भिंतींत. बाहेर तो नकली."

"साहेब, यानं जिचा हात मोडला, त्या बाईचा भाऊ खाली बसलाय."

"त्याला चहा पाजा." साहेबांनी पॅड टेबलावर ठेवला, वर एक फाईलही ठेवली, जणू मेलेल्यावर कापड. "हे बघा बाई, एकाला 'आमचा' म्हटलं की बाकीचे सगळे दारात येतील. आम्हीही तुमचेच म्हणतील. कुणाकुणाला घरात घेणार?"

"बाकीचे म्हणजे? ती खेप अजून गाड्यांमध्ये आहे?"

"असणारच. विकली आहे आपण."

"लोक ब्रेक दाबतायत त्यावर."

"दाबू देत. सगळेच थोडे सुटतात?" साहेब अगदी शांतपणे, पावसाळ्यानंतर थंडी येते हे सांगावं तशा आवाजात म्हणाले, "आणि सुटले, तर नकली होतील."

आजवर कधी तांदूळवाला पॅड तुटून आला की त्या तो वर पाठवत, आणि तो परत येत नसे. त्यांनी समजूत करून घेतली होती की वर कुणीतरी चूक दुरुस्त करत असेल. वर चूक दुरुस्त होत नव्हती. वर तिचं बारसं होत होतं.

त्यांनी फाईल उचलून बाजूला ठेवली, पॅड हातात घेतला.

"हा मी त्याला परत देते. त्याचा आहे."

"शिक्का मारून द्या."

"शिक्का नाही मारणार. आणि आपलाच आहे म्हणून सांगणार."

"कुणाला?"

"ज्याला ऐकायचंय त्याला."

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. आवाज मात्र चढवला नाही. आवाज चढवणं हे त्यांच्या मते शिपायांचं काम होतं. "मग उद्यापासून येण्याची तसदी घेऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, कंपनी म्हणेल की तुम्हाला मालातलं काही कळत नव्हतं."

"म्हणजे मीही नकली," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणालात."

खाली मेस्त्री अजून त्याच स्टुलावर, त्याच टोकावर बसला होता. बाई खिडकीतून बोलल्या नाहीत. पर्स घेऊन दारातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पॅड आमचा आहे."

मेस्त्रीने मान डोलावली. त्याला आनंद झालेला दिसला नाही. "मला माहीतच होतं ताई. मला नका सांगू. दाजींना सांगा. लिहून देता?"

"कंपनीच्या कागदावर आता नाही लिहू शकत. तोंडाने सांगते. लांब आहे घर?"

स्कूटरवर मागे बसून जाताना बाईंनी विचारलं, "या खेपेचे पॅड आणखी कुणाला बसवलेत?"

"बऱ्याच जणांना." वाऱ्यात त्याचं निम्मं बोलणं उडून जात होतं. "आता मी त्यांच्या दारी जाऊन म्हणणार, पॅड काढू द्या. आणि ते म्हणणार, बघा, नकली घातले होते ना. खरं केलं तरी मीच चोर."

बाई म्हणाल्या, "मी येते बरोबर. मला आता वेळ आहे."

दार दाजींनी उघडलं. बनियन, हातात घडी केलेला पेपर. मेव्हण्याकडे त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आपण इकडे कसे?"

बहिणीच्या लग्नात ज्या पोराने दाजींचे बूट लपवले, ज्याला ते इतकी वर्षं 'अरे गाढवा' म्हणून हाक मारत आले, त्याला 'आपण' म्हणणं ही किती घाणेरडी शिवी आहे, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मेस्त्रीने मान खाली घातली.

"मी सुट्या भागांच्या कंपनीतून आलेय," बाई म्हणाल्या. "तुमच्या गाडीतला पॅड आमचा होता. यांनी अस्सलच बसवला होता. आमचं गोंदाचं काम खराब होतं."

"आमचं म्हणजे?"

"कंपनीचं."

"आणि फोनवर ती मुलगी बोलली ते?"

"खोटं."

"तुम्ही कंपनीच्या कोण?"

"सकाळपर्यंत तपासणीला होते. कोर्टात बोलावलंत तरी हेच सांगेन."

दाजींनी पेपरची घडी मोडली, पुन्हा घातली. मग त्यांच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो सुटलाच. लाज नाही वाटत का तुम्हाला? माणसं मारून वर गोड आवाजाच्या पोरी बसवता फोनवर? माझ्या बायकोच्या हाताला टाके पडत होते तेव्हा मी तुमचं संगीत ऐकत होतो, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणे. शिलाईवर घर चालवलं हो तिने माझी नोकरी गेली तेव्हा, तो हात होता तो. बाई दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. 'तुम्ही' म्हणजे त्या नव्हत्या, हे त्यांना कळत होतं. पण ज्यांनी हे ऐकायचं ते कधी कुणाच्या दारात येणार नव्हते, मग कुणीतरी ऐकून घ्यायलाच हवं होतं.

"दाजी, ताईंची यात काही चूक नाही," मेस्त्री मध्ये पडला.

"तू गप रे, तुला काय कळतं," दाजी खेकसले आणि पुन्हा बाईंकडे वळले. आपण काय म्हणालो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आतल्या खोलीच्या दारात बहीण येऊन उभी होती. तिच्या लक्षात आलं. भाऊ चपला काढायच्या की नाही या विचारात उंबऱ्यावर होता.

"आत ये," ती म्हणाली. "मशीनचा पट्टा सारखा उतरतोय. कधीचा. कुणाला दाखवला नाही मी."

मेस्त्री आत गेला, शिलाई मशीनपुढे उकिडवा बसला, खाली वाकून त्याने पट्टा ताणून पाहिला. दाराशी दाजींचा आवाज चालूच होता, आता कंपनीवरून कायद्यावर गेला होता. मेस्त्रीने पट्टा काढला, त्याचं टोक थोडं कापलं, हूक पुन्हा अडकवला.

"चालवून बघ."

बहीण स्टुलावर बसली. तिने प्लास्टर सुटलेला उजवा हात मशीनच्या चाकावर ठेवला. बोटं चाकाच्या कडेभोवती वळायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. तिने क्षणभर वाट पाहिली. मग चाक तळव्याने ढकललं, पायाने पायडल दाबलं, आणि कापड नसलेली सुई वर-खाली व्हायला लागली.