घड्याळाच्या दुकानातला नळ

तिच्या दुकानात नळ नव्हता. मोरी नव्हती, बेसिन नव्हतं, साधी बादली ठेवायलाही जागा नव्हती. घड्याळदुरुस्तीचं ते दुकान, रुंदीला जेमतेम तीन पावलं. पाण्याचा थेंब हा घड्याळाचा वैरी, हे ती बापाकडून चिमटा धरायच्याही आधी शिकली होती. प्यायला घरून बाटली आणायची, तीसुद्धा टेबलापासून लांब, दाराशी ठेवायची.

आणि इमारतीच्या पाणीबिलाचा तिसरा हिस्सा दर वेळी तिच्या नावावर यायचा.

तळमजल्यावर दुकानं तीन: हिचं, शेजारी लॉन्ड्री, पलीकडे सलून. मीटर एकच. पूर्वी बाबा हिस्सा मुकाट भरायचे. त्यांचे हात थरथरायला लागले, दुकान तिच्याकडे आलं, आणि तीही भरत राहिली. पण या वेळचं बिल आलं ते थेट दुप्पट. तिने कागद उलटासुलटा करून पाहिला, डोळ्याला भिंग लावून पाहिला, आणि शटर अर्धं ओढून ती वरच्या ऑफिसात गेली.

मालक स्वतः कधी तिथे बसत नसत. इमारतीच्या मागे त्यांचा बंगला होता, तिथूनच ते कारभार हाकत. ऑफिसात असे तो मॅनेजर.

"माझ्या दुकानात नळच नाही," ती म्हणाली.

"करारात लिहिलंय ताई. तीन दुकानं, तीन समान वाटे."

"बिलाचा वाटा मिळाला. पाण्याचा कुठाय?"

मॅनेजरने चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्या वडिलांनी एवढ्या वर्षांत कधी ब्र काढला नाही."

"तो त्यांचा स्वभाव. या मीटरवर कोणकोण पाणी घेतं, त्याचा कागद दाखवा मला."

"म्हणजे नळ नाही, ही तुमची तक्रार आहे तर."

"माझी तक्रार बिलाची आहे!"

"तेच ते. बघतो मी," असं म्हणून त्याने फोन कानाला लावला. समोरचं माणूस उभं असताना फोन लावायचा, म्हणजे ते आपोआप निघून जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खाली लॉन्ड्रीवाली मावशी इस्त्री थांबवून वाटच बघत होती. "काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला."

"तो वीस वर्षं बघतोच आहे. अगं, मी दिवसभर कपडे धुते, तरी एवढं पाणी माझ्या बापजन्मात खपणार नाही. सलूनवाला म्हणतो मी चोरते, मी म्हणते तो चोरतो. कुठेतरी पाणी मुरतंय बघ."

"पाण्याच्या बिलात पाणीच मुरणार, मावशी," ती म्हणाली. दोघी हसल्या, पण तिचा राग काही विझला नाही.

तिसऱ्या दिवशी ती एका शाळेत भिंतीवरचं मोठं घड्याळ दुरुस्त करायला गेली होती. दुपारी परतली तर दुकानाचं शटर वर. आतून ठोकण्याचा आवाज. ती धावली.

तिच्या टेबलावरची भिंत हातभर फोडलेली होती. विटांचा चुरा, सिमेंटची धूळ, ड्रॉवरवर धूळ, काट्यांच्या डब्यांवर धूळ. आणि बरोबर टेबलाच्या वर, जिथे मान वाकवून ती काम करायची तिथे, एक कोरा करकरीत पितळी नळ. ठिबकणारा.

मॅनेजर दारातच उभा होता. "घ्या ताई! नळ नाही म्हणत होतात ना? आता आहे. तोही मालकांच्या खर्चाने. आता तरी बिल भराल?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं.

"कुलूप कुणी उघडलं?"

"डुप्लिकेट किल्ली ऑफिसात असतेच. तातडीच्या कामासाठी."

"नळ बसवणं हे तातडीचं काम?"

मग तिची नजर टेबलाकडे गेली. एका नर्सबाईंचं घड्याळ होतं ते, नाडी मोजायचं. सकाळी उघडून, साफ करून, तिने काचेच्या झाकणाखाली ठेवलं होतं. झाकण कुणीतरी बाजूला केलेलं. केसाएवढ्या स्प्रिंगवर चिखल झाला होता.

"चालते व्हा!" ती ओरडली. असा आवाज आपल्याला आहे हे तिलाही माहीत नव्हतं. सलूनमधलं एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बाहेर आलं. "माझ्या दुकानात पाय ठेवायचा नाही! ती किल्ली टाका इथे. टाका म्हणते ना!"

"भल्याची दुनिया राहिली नाही," असं पुटपुटत मॅनेजर किल्ली टाकून जिना चढून गेला.

राहिला प्लंबर. पोक्त माणूस. मान खाली घालून हत्यारं गोळा करत होता.

"ताई, मला सांगितलं तुमची परवानगी आहे. नाहीतर हात लावला नसता." तो थोडा घुटमळला. "एक विचारू? मला वाटलं होतं, लॉन्ड्रीतून पाइप ओढून आणावा लागेल. पण भिंत फोडली तर आत हा एवढा जाड पाइप. पाण्याने भरलेला. हा तुमच्या दुकानातून जातो कुठे?"

तिने फोडलेल्या भिंतीत पाहिलं. मनगटाएवढा जाड पाइप आडवा गेला होता, मागच्या बाजूला.

दोघं मागच्या दाराने बोळात गेले. प्लंबर पाइपाचा माग काढत पुढे, ती मागे. बोळाच्या टोकाला कुंपणाची भिंत, भिंतीत पाइप शिरलेला, आणि भिंतीपलीकडून पोरांचा कल्लोळ आणि पाण्यात उड्या मारल्याचे आवाज येत होते. मालकांनी नातवंडांसाठी याच वर्षी पोहण्याचा हौद बांधला होता.

प्लंबरला घेऊन ती तडक दुकानात परतली. मग म्हणाली, "काका, नळ जोडायला तुम्ही या पाइपावर कॉक बसवलात ना?"

"बसवलाय."

"बंद करा."

पाव तास झाला नसेल, मॅनेजर धडाधड जिना उतरून आला. "अहो, काय केलंत? मालकांच्या बंगल्यात पाणी गेलं!"

"तीन दुकानं म्हणाला होतात. बंगला कितवं दुकान?"

मॅनेजरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मावशी मात्र तो बघायला थांबली नाही. ती सलूनवाल्याला बोलवायला गेली, कारण दोघं गेली सहा वर्षं एकमेकांना पाणीचोर म्हणत आली होती.

पाइपाचे फोटो काढून ती त्याच तिरमिरीत घरी गेली. बाबा खिडकीशी बसले होते. तिने फोन त्यांच्यासमोर धरला. "बघा. आपल्याच भिंतीतून. आपल्याच पैशाने. आणि आपल्याला पत्ता नाही!"

बाबांनी फोटो पाहिला, आणि मान वळवली. ती जरा जास्तच लवकर वळवली.

"बाबा?"

"तुझी आई आजारी होती तेव्हाची गोष्ट आहे," ते म्हणाले. "दुकान बंदच असायचं. चार महिने भाडं दिलं नव्हतं मी. मालकांनी मागितलं नाही. वर विचारपूस केली. मग एकदा म्हणाले, बंगल्याला पाइप न्यायचाय, तुमच्या भिंतीतून जाऊ दे. नाही कसं म्हणणार?"

"आणि बिल?"

"ते नंतर लक्षात आलं."

"आणि गप्प बसलात! मी भरत होते, ते बघत बसलात! मावशी भरत होती, तिने काय उपकार घेतले होते त्यांचे?"

"त्या दिवसांत कुणी कुणाला विचारत नाही गं. त्यांनी विचारलं."

"चार महिन्यांचं भाडं त्यांनी बावीस वर्षं पाण्यातून वसूल केलं, बाबा! आईच्या आजारपणाचं!"

ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी अशी आपटत राहिली, की खालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडून वर पाहिलं. मॅनेजरवरचा राग निदान सरळ होता. हा राग कुठे ठेवावा तेच तिला कळेना.

सकाळी ती पाणीखात्याच्या ऑफिसात गेली. तक्रारीखाली तीन सह्या होत्या. तिची, मावशीची आणि सलूनवाल्याची.

निरीक्षक आला, त्याने मीटर पाहिलं, पाइप पाहिला, बंगला पाहिला, पंचनामा केला. त्या दिवशी मालक स्वतः खाली आले. पांढरे केस, मऊ बोलणं. तिच्या दुकानाच्या पायरीशी थांबले.

"मुली, हे करण्याआधी तुझ्या वडिलांना विचारायचंस."

"विचारलं."

"मग?"

"मग तक्रार केली."

मालक हसल्यासारखं करून निघून गेले. आठ दिवसांत बंगल्याला वेगळं मीटर लावण्याचा हुकूम निघाला आणि दंडही झाला. जास्तीचे पैसे भाड्यात वळते करून घेऊ, असा निरोप मॅनेजरने पाठवला. तिघांनी नकार दिला. चेक हवा, म्हणाले, आणि महिनाभराने चेक आले, तेही मागच्या तीनच वर्षांचे. त्याच पाकिटात तिला आणखी एक कागद होता: करार संपल्यावर तो पुढे वाढवला जाणार नाही. तो वाचून मावशीच्याच डोळ्यांत पाणी आलं. ती मात्र म्हणाली, "बघू. अजून अकरा महिने आहेत. तोवर त्यांना रोज माझं तोंड बघावं लागेल."

नर्सबाईंना तिने आपल्याच खर्चाने घड्याळात नवी स्प्रिंग घालून दिली आणि झाला प्रकार खरा खरा सांगितला.

जुना पाइप काढायला तोच प्लंबर आला. टेबलावर तिने दुहेरी चादर घातली होती, सगळे डबे घरी हलवले होते. तो भिंत फोडत होता, तेवढ्यात दारात बाबा. काठी टेकत, एकटेच आले होते. गेला महिनाभर बापलेकीत कामापुरतंच बोलणं होतं. बाबा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि बघत राहिले.

प्लंबरला जोड सापडेना. त्याने दोनदा फोडलं, दोनदा विटाच निघाल्या.

"अजून एक वीतभर खाली," बाबा म्हणाले. "जोड तिथे आहे."

प्लंबरने वळून पाहिलं.

"त्यांनी जोडला तेव्हा पाइप मीच धरला होता."

तिच्या अंगातून सणक गेली. आपल्या हाताने धरला होता! ओठांवर आलेले दहा शब्द तिने तिथेच दाबले. प्लंबरने वीतभर खाली छिन्नी लावली, आणि जोड तिथेच निघाला. त्याने करवत चालवली. पाइपात उरलेलं पाणी भसकन बाहेर आलं, भिंतीवरून ओघळलं, फरशीवर पसरलं आणि बाबांच्या चपलांपर्यंत पोचलं. बाबा हलले नाहीत. पाणी बोटांना लागलं तरी तसेच बसून राहिले.

"पाय वर घ्या, बाबा," ती म्हणाली. आवाज चढाच होता.

बाबांनी पाय वर घेतले.