देवव्रतराव, शीतपेटी आणि तिसरा सेल

मृत्यूपुढे सगळी माणसं सारखी असतात. राजा असो वा रंक, वाट एकच. कर्जतला ऑक्टोबर महिन्यात मात्र ह्यात थोडी दुरुस्ती करावी लागते. ज्याच्या घरी लाईट आहे त्याला सावकाश जाता येतं. ज्याच्या घरी नाही त्याला उरकून घ्यावं लागतं.

देवव्रतराव गेले ते दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, पहाटे, चहाची वाट बघताना. एकुलती मुलगी प्रणिता मस्कतला. मिळेल त्या विमानात बसते, संध्याकाळपर्यंत पोचते, असं तिने रडत रडत कळवलं आणि आईला बजावलं, "मी बघितल्याशिवाय बाबांना हलवू नका." मग ज्येष्ठ नागरिक संघाची शीतपेटी आली. देवव्रतरावांना काचेच्या झाकणाखाली ठेवलं, पेटीने घर्र केलं, जमलेल्यांनी 'चला, झाली सोय' म्हणून घाम पुसला, आणि गल्लीच्या तोंडाशी विजेची डीपी धाडकन उडाली.

सगळे विष्णू सरांकडे बघायला लागले.

विष्णू सर शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीचं काय करायचं ते न कळल्यामुळे त्यांनी संघाच्या पेटीसाठी घरी लिथियमची बॅटरी बनवली होती. जाडजूड शब्दकोशासारखे चार सेल, प्लायवूडचा खोका, आणि वर बीएमएस. बीएमएस म्हणजे प्रत्येक सेलच्या नाडीवर बोट ठेवून बसलेली सर्किटची पट्टी. कुठे जरा खुट्ट झालं की ती सगळा कारभार बंद पाडते आणि स्वतः गप्प बसते. सर तिला 'सेक्रेटरी' म्हणत. संघाचे सेक्रेटरी देवव्रतराव होते.

बॅटरीला सर्वांत कडवा विरोधही त्यांचाच. "विष्णू, घरी लोणचं घालतात, बॅटरी नाही," हे वाक्य त्यांनी संघाच्या इतक्या सभांत टाकलं होतं की शेवटी शेवटी ते न बोलता नुसते लोणच्याची बरणी हलवल्यासारखा हात करत आणि सभा हसे. सर एकदा चिडून म्हणाले होते, "बघाल. तुमच्यावरच पहिला प्रयोग करतो." ते वाक्य आज कोणी काढलं नाही. पण आठवलं सगळ्यांना.

"भावजी," देवव्रतरावांच्या पत्नी विमलवहिनी आतून म्हणाल्या, "ते तुमचं यंत्र आहे ना?"

"आहे म्हणजे काय, वहिनी! आत्ता आणतो."

गजाने आपल्या टेंपोतून खोका आणला. हा गजा लोधिवलीचा, संघाची पेटी कायम तोच पोचवतो. सरांनी मधल्या खोलीत खोका मांडला, इन्व्हर्टर जोडला, वायरी ओढल्या, आणि काय करायचं ते करून बटण दाबलं. पेटी घुरघुरली. विमलवहिनींच्या डोक्यावरचा पंखासुद्धा फिरायला लागला. सरांनी काचेखालच्या देवव्रतरावांकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच.

चहाचा एक फेरा झाला आणि टक्. पेटी बंद. पंखा गरगरत मंदावला.

"गेली," निलेश म्हणाला. निलेश म्हणजे देवव्रतरावांचा पुतण्या. खालापूरला जमिनींचे व्यवहार करतो आणि कुठल्याही गोष्टीचा निकाल लगेच लागावा असं त्याला वाटतं. "विष्णूकाका, आता उरकून टाकू. नाहीतर पनवेलला तरी नेऊ. प्रणिताला व्हिडिओवर दाखवता येईल."

"बापाचं शेवटचं दर्शन मोबाईलवर घ्यायला ती येते आहे का रं?" सर चिडले की त्यांच्या तोंडून 'रं' येत असे. "पेटी चालेल. मला जरा बघू दे."

"सर, आमी काय म्हनतो," गजा दारातून म्हणाला, "रसायनीवरनं बरफाच्या लाद्या आनू का? टेंपो हायच."

"बर्फ नाही. पनवेल नाही. व्हिडिओ नाही. आणि मी काम करतोय तोवर कोणी मधे बोलायचं नाही!"

अंगणातल्या लोकांनी माना डोलावल्या. दुःखाच्या घरात हुकूम सोडणारा कोणी तरी लागतोच. लोकांना बरं वाटतं.

सर मांडी ठोकून बसले. एका बाजूला खोका, दुसऱ्या बाजूला देवव्रतराव. प्रणिता पोचायच्या आत ही बॅटरी चालली नाही, तर निलेश सूर्य मावळायच्या आत देवव्रतरावांना घेऊन जाणार, पोरगी रिकाम्या घरात येणार, आणि लोणच्याचा तो वाद कायमचा हरला जाणार. जिवंत माणसाशी हरलेला वाद पुढच्या सभेत पुन्हा काढता येतो. मेलेल्याशी हरला की हरला.

"तू हसू नकोस," ते काचेकडे बघून पुटपुटले.

त्यांनी मोबाईलवर बीएमएसचं पान उघडलं. तिसऱ्या सेलचं व्होल्टेज पार तळाला गेलेलं. म्हणजे तिसरा मेला. मग नजर चौथ्यावर गेली. चौथा नको इतका वर. पहिला, दुसरा आपले जागच्या जागी.

निलेश खांद्यावरून बघत होता. "एक सेल गेला ना काका? मग संपलंच."

"निलेश, तुझ्या धंद्यातलं विचारतो. सातबारावर एकाची जमीन जेवढी कमी भरली, तेवढीच शेजाऱ्याची जास्त भरली, तर काय समजायचं?"

"बांध सरकवलाय," निलेश तत्काळ म्हणाला.

"जमीन गेली का?"

"जमीन कुठे जाते? बांध सरकतो."

"तेच!" सर उठून उभे राहिले. "तिसऱ्याचं जेवढं कमी, तेवढंच चौथ्याचं जास्त. सेल ठणठणीत आहेत. दोघांच्या मधली जी मोजणीची वायर आहे ना, ती खोटं बोलतेय!"

त्यांनी मीटरची टोकं थेट सेलवर टेकवली. तिसरा आणि चौथा अगदी जुळे भाऊ. सरांनी विजयी मुद्रेने सभोवार पाहिलं. सांत्वनाला आलेल्या बायकांपैकी एकीने, काय झालं ते न कळून, पदर डोळ्यांना लावला.

मग पाना लावून मधला नट काढला. वायरीच्या टोकाच्या तांब्याच्या कडीवर हिरवट, चिकट थर. सरांनी तो नखाने खरवडला आणि वास घेतला.

खोबऱ्याचा वास.

दसऱ्याला संघाच्या कार्यालयात यंत्रपूजा झाली होती. टाईपरायटर, माईक, पेटी आणि बॅटरी. देवव्रतराव म्हणाले होते, "माझा विरोध आहे तो आहे, पण फुटू नये म्हणून नारळ मी फोडणार." खोक्याचं झाकण काढायला लावून त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि चारी सेलांवर भक्तिभावाने पाणी शिंपडलं. सर तेव्हा प्रसादाच्या रांगेत होते.

"म्हणजे हे तुम्हीच," सर काचेला म्हणाले. "विरोध करायचा तर सरळ करायचा, देवव्रतराव. तीर्थ कसलं शिंपडता?"

"काय झालं भावजी?" विमलवहिनींनी विचारलं.

"काही नाही वहिनी. जुना वाद आहे."

पॉलिश पेपरने त्यांनी कडी लख्ख घासली, कोरड्या फडक्याने पुसली, नट आवळला. व्होल्टेज चारी सेलांचं सारखं. पण बॅटरी ढिम्म. सेक्रेटरींनी एकदा सभा तहकूब केली की ती आपोआप सुरू होत नसते. झोपी गेलेल्या बीएमएसला जागं करायला बाहेरून चार्जरचा धक्का लागतो. चार्जरला लाईट लागते. आणि लाईट असती तर बॅटरी हवी कशाला!

हा विचार मनात येताच दुसरा माणूस हात झटकून उठला असता. सर मात्र बाहेर जाऊन ओरडले, "गजा! टेंपो मागे घे. एकदम पायरीला लाव."

गाडीचं इंजिन चालू असताना तिची बॅटरी चार्ज करणारं जे व्होल्टेज असतं, ते सरांच्या चार सेलांना अगदी हवं तेवढं होतं. गजाने टेंपो पायरीला लावला आणि चालू केला.

टेंपोचा आवाज होताच अंगणात एकच हंबरडा उठला. घेऊन निघाले, असं सगळ्यांना वाटलं. पुरुष उभे राहिले. कोणी तरी 'राम राम' सुरू केलं. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली.

"बसा! बसा सगळे!" सर दोन्ही हातांत लाल आणि काळी वायर धरून ओरडले. "कोणी कुठे जात नाहीये! चार्जिंग चाललंय!"

लोक बसले. रडणं मधेच कसं थांबवायचं हे कोणाला न कळल्यामुळे ते थोडा वेळ उगाच चालू राहिलं. मधली खोली डिझेलच्या धुराने भरली. निलेश खोकत म्हणाला, "काका, हे शोभत नाही हो. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणू देत. मी ह्या माणसाला लोणच्याच्या बरणीवर थंड ठेवणार आहे! ऐकलंत का देवव्रतराव? लोणच्याच्या बरणीवर!"

विमलवहिनी सकाळपासून रडल्या नव्हत्या. त्या एकदम हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं.

बीएमएसवरचा हिरवा दिवा लागला. सरांनी वायरी काढल्या, पेटीचं बटण दाबलं. कॉम्प्रेसर एकदा अडखळला, दुसऱ्यांदा खाकरला आणि घर्र करून सुरू झाला. मोबाईलवर चारी सेल एका रेषेत. सर भिंतीला टेकून बसले आणि दुपारभर तिथून उठले नाहीत. कोणी जेवायला बोलावलं तर नुसता हात करत. निलेशने एकदा घड्याळाकडे पाहिलं, तर सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने घड्याळ बाहीत सारलं.

प्रणिताची गाडी चौक गावाच्या अलीकडे अडकली, सुटली, आणि उन्हं कलताना दारात आली. ती धावत आत शिरली आणि काचेवर डोकं टेकवून किती तरी वेळ तशीच राहिली. देवव्रतराव सकाळी ठेवले होते तसेच होते. कपाळावरचं गंधसुद्धा ओघळलं नव्हतं.

"थांबलात ना बाबा," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग खोक्यावर थाप मारून म्हणाले, "घरी केलेली आहे. सकाळपासून हिच्यावर. आख्ख्या कर्जतने नको म्हटलं होतं."

"पण काका, बॅटरीवर का?" प्रणिता डोळे पुसत म्हणाली. "गल्लीत सगळीकडे तर पंखे चालू आहेत. समोर टीव्हीपण लागलाय."

गजाने बाहेर बघितलं.

"मी सांगनारच होतो, सर," तो म्हणाला. "पन तुमी म्हनालात मधे बोलायचं नाय."

डीपी दुरुस्त होऊन लाईट आली होती ती सर मधला नट काढत होते तेव्हा. बॅटरीची वीज घरात खेळवताना बाहेरची तिला भिडू नये म्हणून घराचा मेन स्विच त्यांनी सकाळीच स्वतःच्या हाताने पाडून ठेवला होता.