वडगावच्या शाळेतली डुगडुगती खुर्ची

मित्रांनो, या भागातली लोकशाही एके काळी माझ्या चार पायांवर उभी होती. खरं सांगायचं तर तीन पायांवर. चौथा बोटभर आखूड आहे.

मी एक जुनी फणसाची खुर्ची आहे. खडेबाजारातल्या मष्णू सुताराने मला घडवलं. आखूड पाय दाखवल्यावर तो म्हणाला, शाळेची जमीनच वाकडी आहे. तेव्हापासून मी डुगडुगते आहे. दोन मास्तर माझ्यावरूनच निवृत्त झाले. माझी स्तुती एकदाच झाली: हिच्यावर बसून कुणाला झोप लागत नाही.

१९३७ साली शाळेत मतदान आलं. काही बायांनाही मत मिळालं होतं. सरकारी कारकून माझ्यावर बसला, डुलला, चिडला. बाया कशाला येतील, असं शिपायाला सांगून त्याने बायांची यादी घडी करून माझ्या पायाखाली सारली. जन्मात पहिल्यांदा मी स्थिर झाले. आणि सांगायला लाज वाटते, पण मला ते फार आवडलं.

दिवस कलता मागावरचं लुगडं अर्धं टाकून अंबुबाई विणकरीण आली, मागे शेजारच्या सहाजणी. कुणाला मत टाकायचं हे तिचा नवरा नागोजी वाटभर बजावत आला होता. कारकुनाला यादी ओढून काढावी लागली. मी डुलले, तोही डुलला. यादीत अंबुबाई चार निघाल्या. त्याने नवऱ्याचं नाव विचारलं.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. नागोजी दारातून स्वतःचं नाव ओरडून सांगू लागला, तर कारकून म्हणाला, मतदाराने स्वतःच सांगायचं. मतदान संपायला दहाच मिनिटं होती. नाव घेतलं तर रीत जाणार, न घेतलं तर मत. माझा पाय टकटक वाजत होता.

मागून सहाजणींतली जयाबाई म्हणाली, "अगं, हळदीकुंकवाला घेतीस की. तसंच घे."

अंबुबाईने पदर सावरला.

"वडगावच्या मागावर विणते रेशमी काठ,
नागोजीरावांचं नाव घेते, सोडा मताची वाट."

कारकुनाने यादीत खूण केली. मग सहाही जणींनी नाव घेतलं. यल्लव्वाचा उखाणा फारच लांबला, तेव्हा त्याने घड्याळ पालथं घातलं.

बाहेर नागोजीने हळूच विचारलं, "कुणाला टाकलंस गं?"

अंबुबाई म्हणाली, "एका दिसात दोन बाप्यांची नावं घ्यायची रीत न्हाय, अवो."

आता सत्तेचाळीस उजाडलं आहे. सगळ्याच बायांना मत मिळणार म्हणतात. मी अडगळीत आहे. कुणी दार लोटलं तरी डुलते. मित्रांनो, एखादी खुर्ची फार स्थिर दिसली, तर आधी तिच्या पायाखाली बघा.

आणि जमलं तर माझ्या आखूड पायाखाली काहीतरी सारा. जुनं वर्तमानपत्रही चालेल. यादी तेवढी नको.